जजचा पगार पुरेल, पण पुण्याच्या एफडीचं काय?

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान ५२ वर्षांचे, लॉ फर्ममध्ये पार्टनर, मिळकत वर्षाला साडेसहा लाख डॉलर. फेडरल (केंद्रीय) डिस्ट्रिक्ट जजच्या पदासाठी त्यांचं नाव लवकरच सिनेटकडे मंजुरीसाठी जाणार आहे. ताईंचा पगार ९० हजार डॉलर. घराचा हप्ता आणि लेकीच्या कॉलेजची उरलेली दोन वर्षं निभतील का, हा त्यांचा प्रश्न. पाचेक वर्षांनी फर्ममध्ये परतायचं आणि जजची पेन्शनही घ्यायची, असा यजमानांचा बेत. शेवटी जाता जाता एक ओळ: ‘पुण्यात माझ्या नावावर ८० लाखांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी आणि २० लाखांचे म्युच्युअल फंड आहेत. बँकेतले साहेब म्हणाले टॅक्स फ्री, म्हणून इथे कधी दाखवले नाहीत.’

ताई, निभेल. डिस्ट्रिक्ट जजचा पगार २०२५ मध्ये २,४७,४०० डॉलर. दोघांचे मिळून टॅक्स जाऊन २ लाख ३५ हजार हाती येतील. वर्षाचा हप्ता ५४ हजार, कॉलेज ८५ हजार, उरले ९६ हजार. ओढाताण होईल, पण दोनच वर्षं.

आता ती शेवटची ओळ. एनआरईचं व्याज टॅक्स फ्री आहे ते भारतात. अमेरिकेत त्यावर पूर्ण टॅक्स लागतो. परदेशी खात्यांत मिळून १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली की दरवर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि भारतीय म्युच्युअल फंडांसाठी फॉर्म ८६२१ वेगळा लागू शकतो. साहेबांनी टार्गेट पूर्ण केलं, निस्तरायचं तुम्ही. रिटर्न जॉइंट आहे, म्हणजे ‘परदेशात खातं आहे का?’ याला ‘नाही’ म्हणून यजमानांनीही सही केली आहे. वकिलाने!

नाव सिनेटकडे गेलं की पाच दिवसांत त्यांना मालमत्तेचं विवरण द्यावं लागेल, त्यात बायकोची खातीही येतात. १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांना अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या उमेदवारीतून माघार घ्यावी लागली, त्यात घरकामाच्या माणसांचा न भरलेला टॅक्स हेही एक कारण होतं.

याच आठवड्यात टॅक्सच्या वकिलाला गाठा. रिटर्न भरून देणाऱ्याकडे नंतर जा, वकिलाशी केलेलं बोलणं गोपनीय राहतं. चूक अजाणतेपणी झाली असेल तर आयआरएसची (अमेरिकेच्या टॅक्स खात्याची) स्ट्रीमलाइन्ड योजना आहे: तीन वर्षांचे रिटर्न सुधारायचे, सहा वर्षांचे एफबार भरायचे, वर शिल्लकेच्या ५ टक्के दंड. डॉलर ८५ रुपये धरला तर एक कोटीवर साधारण सहा हजार डॉलर, शिवाय मागचा टॅक्स आणि त्यावरचं व्याज. मात्र ‘अजाणतेपणी’ हे शपथेवर लिहून द्यायचंय. खरं असेल तरच लिहा. आणि आयआरएसची तपासणी आधी सुरू झाली तर ही वाट बंद.

पेन्शनचं स्वप्न मात्र सोडा. वय आणि सेवा मिळून ८० व्हायला हवेत, तेही वयाच्या पासष्टीनंतर. यजमानांसाठी ते ६६ व्या वर्षी, १४ वर्षांच्या सेवेनंतर जमेल. पाच वर्षांनी उठले तर या पेन्शनचा एक डॉलरही नाही. बसले तर मात्र पूर्ण पगार, तहहयात. तो त्यांच्या हयातीपुरताच. तुमच्यासाठीची वारस पेन्शन आपोआप लागू होत नाही, शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांत निवडावी लागते आणि त्यासाठी पगारातून २.२ टक्के कापले जातात. तो फॉर्म भरून घ्या.