कोव्हॅक्सिनमध्ये सरकारला काय मिळालं?

प्रश्न: कोव्हॅक्सिन या कोविडच्या लशीसाठीचा व्हायरस पुण्याच्या एनआयव्ही या सरकारी विषाणू संस्थेने दिला, म्हणजे पैसा आपलाच ना, मग एप्रिल २०२१ मध्ये ती बनवणाऱ्या भारत बायोटेक कंपनीने खासगी हॉस्पिटलला १२०० रुपये भाव कसा काय लावला?

उत्तर: व्हायरसचा स्ट्रेन (प्रकार) एनआयव्हीनेच वेगळा केला, एनआयव्ही जिच्या हाताखाली येते त्या आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, साधारण ३५ कोटी खर्च पण केले, त्याबदल्यात निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी ठरली आणि २०२२ च्या सुरुवातीपर्यंत तिचे १७० कोटींच्या वर आले, म्हणजे फुकट दिलं असं अजिबात नाही. पण भावावर अट हवीच होती, तेव्हाच्या धोरणात कंपन्यांना मोकळीक दिली आणि तिथेच लोकांचा खिसा कापला गेला. त्यात पेटंटच्या अर्जात भारत बायोटेकने आयसीएमआरचं नावच टाकलं नव्हतं, २०२४ मध्ये बोभाटा झाल्यावर नजरचुकीने राहिलं म्हणून जोडायला घेतलं.