डॉसच्या जुन्या गेममधलं मिडी संगीत बेसूर वाजतं, कोणता सॉफ्टवेअर सिंथ वापरू?

आधी गेम कोणत्या यंत्रासाठी लिहिला गेला ते बघा. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच, कोणतं वाद्य कोणता स्वर कधी वाजवेल एवढ्याच सूचना असतात. आवाज सिंथ, म्हणजे त्या सूचनांवरून स्वर तयार करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, काढतो.

रोलंड एमटी-३२ हे यंत्र १९८७ चं, तर जनरल मिडी हे वाद्यांचे क्रमांक ठरवून देणारं मानक १९९१ चं. एमटी-३२ मध्ये वाद्यांचे क्रमांक वेगळे आहेत आणि गेम त्यात स्वतःचे खास आवाजही भरतो. म्हणून 'किंग्ज क्वेस्ट ४' सारखा गेम जनरल मिडीवर लावला की भलतीच वाद्यं वाजतात. बहुतेक वेळा बेसूरपणाचं मूळ इथेच असतं. अशा गेमसाठी मंट, म्हणजे एमटी-३२ ची नक्कल करणारा सॉफ्टवेअर सिंथ, वापरा. त्याला मूळ यंत्राच्या कंट्रोल आणि पीसीएम अशा दोन रॉम फाइल (यंत्राच्या चिपमधल्या माहितीच्या प्रती) लागतात.

'डूम'सारख्या नंतरच्या गेमना फ्लुइडसिंथ हा सॉफ्टवेअर सिंथ आणि एक चांगला साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांच्या नमुन्यांची फाइल) पुरतो. साउंडफाँट निवडताना आकारावर जाऊ नका. त्या काळचे संगीतकार बऱ्याचदा रोलंड एससी-५५ या जनरल मिडी यंत्रावर ऐकून रचना करत, त्यामुळे त्याच्या जवळ जाणारा छोटा साउंडफाँटच मला जास्त भावतो. मोठ्यांत कधी ड्रम अंगावर येतात, कधी बासरी हरवते.

डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स स्टेजिंग या प्रोग्राममध्ये दोन्ही सिंथ आतच आहेत; त्याच्या सेटिंग फाइलमध्ये मिडी डिव्हाइसच्या ओळीत हवा तो लिहा. गेमच्या सेटअपमध्येही तोच प्रकार (एमटी-३२ किंवा जनरल मिडी) निवडायला विसरू नका; पोर्ट क्रमांक विचारला तर ३३० द्या.