अस्तित्व फक्त एकेका सुट्या वस्तूलाच असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की हा घोडा आहे, तो घोडा आहे हे ठीक, पण त्या सगळ्यांत असलेला 'घोडेपणा' म्हणून काही खरंच आहे, की अस्तित्व फक्त सुट्या वस्तूंचं आणि बाकी सगळं आपल्या डोक्यातलं. माझं मत, फक्त सुट्या वस्तूंचं नाही. पण समोरची बाजू चांगलीच तगडी आहे, सहज उडवून लावण्यासारखी नाहीये.

'फक्त सुट्या वस्तूच' या बाजूने ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलला उगाच ओढतात. 'कॅटेगरीज' या ग्रंथात तो म्हणतो की हा अमुक माणूस, हा अमुक घोडा ही मूळ द्रव्यं (म्हणजे स्वतःच्या बळावर असणाऱ्या वस्तू), ती नसती तर बाकी काहीच नसतं. बरोबर, पण 'त्यांच्याशिवाय बाकीचं नसतं' आणि 'बाकीचं नाहीच' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना. सावली वस्तूवर अवलंबून असते म्हणून सावली नाहीच असं कोणी म्हणत नाही.

'फक्त सुट्या वस्तूच' असं ठासून म्हणणारे म्हणजे १४व्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ ओकम, आणि त्याच्या कितीतरी आधी, ७व्या शतकातला बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती. मला धर्मकीर्ती जास्त आवडतो कारण तो कसोटी देतो, अर्थक्रिया, म्हणजे जे काहीतरी घडवून आणतं तेच खरं. समोरची ही आग भाजते, 'आगपणा' कोणाला भाजत नाही. मग आपण सगळ्या आगींना आग का म्हणतो, तर जे आग नाही ते बाजूला काढून, यालाच अपोह म्हणतात. भारी युक्तिवाद आहे.

पण त्याच कसोटीवर मला शंका येते. दगड लागून काच फुटली, का फुटली? 'तोच' दगड होता म्हणून नाही, त्याचं वस्तुमान, कडकपणा आणि वेग अमुक इतका होता म्हणून, आणि हे सगळं तसंच असलेला दुसरा दगड असता तरी ती फुटलीच असती. म्हणजे जे काम करतं ते दुसऱ्या दगडातही सापडू शकेल असं काहीतरी आहे! इलेक्ट्रॉन बघा, विश्वात कुठलाही घ्या, भार तोच, उणे १.६०२ गुणिले १० चा उणे १९वा घात कुलॉम, आणि दोन इलेक्ट्रॉनची आपसात अदलाबदल केली तर क्वांटम मेकॅनिक्स ती नवीन अवस्था मोजतच नाही. 'हा' आणि 'तो' हेच तिथे डळमळीत होतं.

यावर उत्तर येतं की ते नुसते एकमेकांसारखे आहेत, एक भार वगैरे काही नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९१२ मध्येच याला धरलं होतं, की अशा कितीतरी जोड्या 'सारख्या' आहेत, मग त्या सगळ्या जोड्यांतला तो सारखेपणा कोण? तोही नुसता सारखाच म्हणालात तर साखळी संपत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा भार त्याचा त्याचा वेगळा, असाही एक मार्ग आहे (आजकाल ट्रोप म्हणतात त्याला), पण ते भार एकसारखे का, हा प्रश्न उरतोच.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या लोकांनी इथे मजेशीर काम केलंय. त्यांच्याकडे प्रत्येक घटाचा लाल रंग वेगळा गुण, आणि त्या सगळ्यांवर लालपणाची जाती (म्हणजे सगळ्यांत असलेला एकच समान धर्म) एक. शिवाय सत्ता, म्हणजे असणं, हीसुद्धा एक जातीच, ती द्रव्य, गुण आणि कर्म (म्हणजे हालचाल) या तिघांत राहते. मग जातीत सत्ता राहते का? नाही, नाहीतर जातीत जाती, तिच्यात परत जाती असं चालूच राहील. त्यांचा भाष्यकार प्रशस्तपाद म्हणतो जाती, विशेष (मूळ वस्तूंना एकमेकींपासून वेगळं ठेवणारं) आणि समवाय (गुण आणि वस्तू यांना जोडणारं नातं) हे स्वतःच्या स्वरूपानेच असतात. म्हणजे असण्याची एकच तऱ्हा हवी हा हट्टच त्यांनी सोडून दिला, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नातली खरी गाठ तिथेच आहे.

फक्त जाती नित्य असते, घोडे नसले तरी घोडेपणा राहतो, हे त्यांचं मला पटत नाही. त्या बाबतीत मी ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँगच्या बाजूचा, भूत, वर्तमान, भविष्य यांत कुठेतरी एकतरी वस्तू तशी असली पाहिजे. डायनासोरपणा चालेल, पण ज्याचं उदाहरण कधीच कुठे झालं नाही आणि होणारही नाही असा गुण नाही.