मशीन द्यावी का पैसे?

प्रश्न: ताई, मी कराडची. आईच्या नावानं ५० हजार द्यायचेत, बायकांच्या हक्कासाठी काम करणाऱ्या गावपातळीवरच्या संस्थेला. घरचे म्हणतात शिलाई मशिनी घेऊन दे, रोख पैसे पगारातच जातात. काय करू?

उत्तर: अगं, जाऊ देत की पगारात! मार खाल्लेल्या बाईसोबत रात्री पोलीस स्टेशनला जाते, तक्रार लिहून घेईपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसून राहते, पुढं तारखेला कोर्टात जाते, त्या कार्यकर्तीला एसटीचं भाडं, मोबाईलचा रिचार्ज आणि घर चालवायला पगार लागतोच ना, ते काम मशीन नाही करणार. कशावर खर्च करायचा ते तिथल्या बायकांनीच ठरवायचं, स्त्रीवादी देणगीचा मुद्दाच हा आहे. शेजारच्या सांगलीत बघ, संग्राम संस्था १९९२ पासून आहे, तिच्या कामातून १९९६ ला वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि ती वेश्याव्यवसायातल्या बायका स्वतः चालवतात.

त्यात २०२० ला एफसीआरए, म्हणजे परदेशातून येणाऱ्या देणग्यांचा कायदा बदलला, परदेशी निधी एका संस्थेनं दुसरीला द्यायचा नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्के, म्हणजे मोठ्या संस्थेकडून छोटीला मिळणारा तो पैसा थांबलाच. मग आपणच द्यायला नको का? जमलं तर पुढची काही वर्षं थोडेथोडे दे, त्यांना आधी सांगून ठेव, म्हणजे माणूस नेमता येतो. आणि चेकनं किंवा ऑनलाइनच दे, ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत २ हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि ही सवलतपण जुन्या करपद्धतीतच आहे.