“मला काय वेड लागलंय का, मॅडम?”

खुर्चीत बसायच्या आधीच काकूंनी गोळ्यांची पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. ड्युलोक्सेटिन. आठ गोळ्या घेतलेल्या, बाकीच्या तशाच. “पायाची आग होते म्हणून गेले आणि डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. सुनेनं मोबाइलवर बघितलं. मला काय वेड लागलंय का?” डोळे भरून आले होते.

हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो, आणि विचारणाऱ्याचा अपमान झालेला असतो. म्हणून आधी रात्रीचं विचारलं. बारा वर्षांचा मधुमेह. दोन वर्षांपासून तळव्यांना मुंग्या, मग चटके. पांघरूण पायाला लागलं तरी सहन होत नाही. रात्री दोन वाजता उठून ओला टॉवेल गुंडाळून बसायचं. घरात सगळे म्हणतात, पाय तर चांगले दिसतात.

दिसणारच. दुखणं नसांमध्ये आहे. वर्षानुवर्षं वाढलेली साखर नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करते. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायापर्यंत जातात, म्हणून सुरुवात बहुधा बोटांपासून होते. दुखावलेली नस काही लागलेलं नसतानाही मेंदूला कळ पाठवत राहते. साध्या वेदनाशामक गोळीचा तिथे फारसा उपयोग होत नाही. मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणारी, वेदना दाबणारी एक यंत्रणा असते, तिला ड्युलोक्सेटिन बळ देतं. तेच औषध नैराश्यातही चालतं, एवढाच संबंध. नसांच्या अशाच दुखण्यावरचं दुसरं औषध, प्रीगाबालिन, फिट्सवरही देतात, म्हणून ते घेणाऱ्या प्रत्येकाला फिट येत नाही.

काकू जरा सैलावल्या. “पण आठ दिवसांत काही फरक नाही पडला.” आठ दिवस कमीच. पुरेसा डोस मिळाल्यावर दोन ते चार आठवडे थांबावं लागतं. आणि आग पूर्ण विझेल असं मी त्यांना सांगितलं नाही. दहापैकी आठ असलेलं दुखणं चारवर आलं आणि झोप लागली, तर औषध लागू पडलं असं आम्ही धरतो. मळमळ, गुंगी वाटली तर कळवायचं. मनानं एकदम बंद करायचं नाही. मधे खंड पडल्यामुळे पुन्हा कशी सुरू करायची ते डॉक्टरांनाच विचारायला सांगितलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू होती, आणि तिच्यामुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून ते तपासायचं का, हेही विचारायला सांगितलं. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात.

मग म्हटलं, पाय बघू. त्यांनी उजवी चप्पल काढली. अंगठ्याच्या मागच्या चवड्यावर शर्टाच्या बटणाएवढा गोल, लाल वळ होता. चप्पल उलटी केली तर खरंच बटण पडलं! “कधी गेलं आत?” काकू माझ्याकडेच बघत राहिल्या. सकाळपासून त्या त्यावर चालत होत्या.

मला खरी काळजी इथे वाटते. आग झाली की माणूस दवाखाना गाठतो. बधिरपणा आला की “आता बरं वाटतंय” म्हणतो. जळणारा पायही बधिर असू शकतो, हे काकूंना ठाऊक नव्हतं. गोळीनं दुखणं शमतं, संवेदना परत येत नाही. साखर आटोक्यात ठेवल्यानं नसांची पुढची हानी मंदावते, पण झालेली हानी सहसा पूर्ण भरून निघत नाही. हे सांगताना मला दरवेळी जड जातं, तरी सांगते. नाहीतर लोक खात्रीच्या इलाजामागे पैसे घालवतात आणि जखम चिघळते.

त्या दिवशी सुनेलाही आत बोलावलं. रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या खाचा बघायच्या, आरसा धरून किंवा सुनेनं. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा. घरातही अनवाणी नाही. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही. फोड, जखम किंवा रंग बदललेला दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि वर्षातून निदान एकदा, स्पर्श कळतो का हे बघायला, नायलॉनच्या तंतूनं पायांची तपासणी.

पाच आठवड्यांनी काकू आल्या. आग होतीच, पण रात्री एकदाच उठतात म्हणाल्या. “बटण तिच्याच नवऱ्याचं निघालं,” असं म्हणून सुनेकडे बघून हसल्या, आणि मी न सांगता चप्पल काढून पाय पुढे केला.