नर्स असलेल्या सुनेला साथीच्या काळात घरच्यांनी कसा आधार द्यावा?

आधी तिला पोटभर झोपू द्या. २०२० च्या कोरोनात माझी वहिनी बेळगावात मुलांच्या वॉर्डात नर्स होती. खानापूरला घरी आली की मागच्या दारी कपडे गरम पाण्यात टाकायची, अंघोळ करायची, तरी स्वतःच्या लेकीला दारातूनच बघायची. पीपीई किटमधून बाळांना तिचे फक्त डोळे दिसायचे, ती बाळं घाबरून रडायची. हे तिला फार लागायचं. आम्ही मात्र "कशाला जातेस ड्युटीला?" म्हणत राहिलो, तिथंच चुकलो. ताट वाढून शेजारी बसा, बोलली तर नुसतं ऐका. झोप उडालेलीच राहिली, तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते.