बाळाच्या झटक्यांवर नवं औषध सोडून जुनं का?

नवजात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले आई-वडील हा प्रश्न हमखास विचारतात. अशाच एका जोडप्याचं बाळ तीन किलोचं. जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि पहिल्याच दिवशी झटके सुरू झाले. डॉक्टरांनी फेनोबार्बिटल दिलं. हे औषध 1912 पासून वापरात आहे आणि लेव्हेटिरासिटम नावाचं नवं औषध बाळाला गुंगी आणत नाही, असं वडिलांनी फोनवर वाचलं. आईच्या मनानं घेतलं की आपण विचारलं नाही म्हणून बाळाला जुनंपानं मिळतंय.

वडिलांनी वाचलेलं खोटं नव्हतं. फेनोबार्बिटलनं श्वास मंदावू शकतो, रक्तदाब उतरू शकतो. लेव्हेटिरासिटममध्ये हा त्रास कमी. पण झटके थांबवायचे तर? 2020 मध्ये नवजात बाळांवरच्या चाचणीत दोन्ही औषधांची थेट तुलना प्रसिद्ध झाली. चोवीस तास झटके पूर्ण थांबले ते फेनोबार्बिटल घेतलेल्या 80 टक्के बाळांत, लेव्हेटिरासिटम घेतलेल्या फक्त 28 टक्के बाळांत. श्वास आणि रक्तदाब सांभाळायला या विभागात यंत्रं आणि माणसं असतात, त्यामुळे आधी झटके आवरणं महत्त्वाचं. म्हणूनच 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही पहिलं औषध फेनोबार्बिटलच आहे. अपवाद आहेत: झटक्यांमागे मेंदूपेशींत सोडियम किंवा पोटॅशियम आत-बाहेर नेणाऱ्या वाहिन्यांचा आनुवंशिक दोष असावा असं वाटलं तर फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन आधी देतात. बाळाला हृदयाचा आजार असेल तर दुसरं औषध म्हणून लेव्हेटिरासिटमचा विचार होतो.

आईची खरी भीती वेगळीच निघाली: ‘बाळ डोळे उघडत नाही, दूध ओढत नाही.’ सुरुवातीला फेनोबार्बिटलचा दर किलोला 20 मिलिग्रॅमचा मोठा डोस शिरेतून देतात. पहिल्या दिवसांत हे औषध निम्मं उतरायलाच शंभर तासांहून अधिक लागू शकतात, कारण यकृत अजून कच्चं असतं. त्यामुळे औषध थांबवलं तरी काही दिवस गुंगी राहते, तोवर दूध नळीनं जातं. एक गोष्ट मात्र आई-वडिलांना आवर्जून सांगावी लागते. औषधानंतर हातपाय शांत झाले तरी मेंदूत झटका चालू असू शकतो. तो फक्त ईईजीवर, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखावर दिसतो. म्हणून त्या तारा लगेच काढायचा आग्रह धरू नका.

‘मग हे आयुष्यभर का?’ बहुतेकदा नाही. प्राणवायूच्या कमतरतेसारख्या तात्पुरत्या कारणानं आलेले झटके थांबले की घरी जाण्याआधीच औषध बंद करावं, असं आता सुचवतात.

काही बाळांचं औषध घरी चालू ठेवावं लागतं, आणि गडबड होते ती मापात. समजा, या तीन किलोच्या बाळाला दिवसाला 15 मिलिग्रॅम लिहून दिलंय. सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम असेल तर ते होतं 3.75 मिलिलिटर. 15 मिलिलिटर दिलं तर डोस चौपट होतो. चमचा नकोच, सुईविना सिरिंजनं मोजा. दुकानातून दुसऱ्या तीव्रतेची बाटली आली तर डॉक्टरांकडून मिलिलिटर पुन्हा लिहून घ्या. झटके दिसत नाहीत म्हणून औषध आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

घरी हात थरथरला तर तो हलकेच धरून पाहा. धरल्यावर थांबली तर ती बहुधा साधी थरथर. धरूनही लयीत झटके चालूच राहिले, नजर एका बाजूला खेचली गेली किंवा श्वास अडखळला, तर तडक रुग्णालय गाठा. दुसरं कुणी सोबत असेल तर त्याला व्हिडिओ घ्यायला सांगा.